निएवेस बाईंची चौथी

१३ ऑक्टोबर
वाय्यापाताला पोचलो. बसमधून उतरून शाळेपर्यंत चालताना दम लागला. इथली हवा विरळ आहे म्हणून. वयाचा काही संबंध नाही.
जिल्ह्याच्या ऑफिसनं मला 'वर्तन व प्रगती सल्लागार' म्हणून पाठवलंय. वर्ष संपत आलं की शिक्षक दमतात, पोरं उधळतात, रिझल्ट घसरतो. अशा वेळी माझ्यासारखा माणूस लागतो. मीटिंगमध्ये सगळे एका सुरात म्हणाले, फाउस्तोला पाठवा. इतकं एकमत त्या ऑफिसात मी कधी पाहिलं नव्हतं.
मुख्याध्यापिका हेर्मिनिया बाईंनी जांभळ्या मक्याचं गरम आपी पाजलं. म्हणाल्या, "बाकी शाळा आम्ही सांभाळतो हो सर. तुम्ही फक्त चौथीकडे बघा." विचारलं, फार दंगा करतात का? "दंगा केला असता तर मला नीट झोप तरी लागली असती."
बाईंना विनोदबुद्धी आहे. जमेल आमचं.
संकल्प: महिनाअखेर चौथी सरळ. डिसेंबरात घरी, खाली कोचाबांबाला बदली.

१४ ऑक्टोबर
चौथीत गेलो. आत शिरताच सगळा वर्ग उभा राहिला. इतकी शांतता की खडू टेकवलेला ऐकू यावा. यांना सुधारायचं काय?
देल्मिरा युक्रा, वर्गशिक्षिका, तरुण पोरगी, उभ्यानंच शिकवते. टेबलामागे खुर्ची आहे, तिच्यावर लोकरीची उशी आहे, पण बसत नाही. मधल्या सुट्टीत तिनं सगळं सांगितलं. आधीच्या बाई, निएवेस अरान्सिबिया. खूप वर्षं हीच खोली, हीच खुर्ची. जुलैत, इथल्या ऐन थंडीच्या सुट्टीत, छाती भरून गेल्या. नातेवाइकांनी लांब आपल्या गावी नेऊन पुरलं. पोरं सुट्टीवरून परतली तर बाई नाहीत, बाईंची कबर नाही, काही नाही. फक्त खुर्ची. तेव्हापासून वर्गातलं प्रत्येक पोर परीक्षेत पेपरवर आपलं नाव लिहितं आणि बाकी कोरा देतं.
"सगळा वर्ग नापास झाला सर, तर मला कोण ठेवणार?" असं म्हणून रडली. मी म्हटलं, एक आठवडा द्या. तिनं डोळे पुसून विचारलं, "आणि मग?" मग म्हणजे काय? मग यश.

१६ ऑक्टोबर
तारा-योजना सुरू. लिहिलं की सोनेरी स्टिकर, हात वर केला की सोनेरी स्टिकर. पोरांनी रांगेत येऊन स्टिकर घेतले, "थँक्यू सर" म्हणाली. तुफान प्रतिसाद!
संध्याकाळी पाहिलं तर सगळे तारे त्या खुर्चीच्या पाठीवर चिकटवलेले. योजना पोरांनी आपलीशी केली, असं रिपोर्टमध्ये लिहायला हरकत नाही.
चाचणीचे पेपर कोरे.

२० ऑक्टोबर
निर्णायक पाऊल. खुर्ची हा भावनिक अडथळा आहे, तो मोडून काढायला हवा. सकाळी सरळ जाऊन बसलो.
सगळा वर्ग उभा राहिला. मी म्हटलं, बसा. बसले नाहीत. मी धडा वाचत राहिलो, ते उभेच राहिले. कुणी हसत नव्हतं, कुणी बोलत नव्हतं. सगळे माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या थोडं मागे बघत होते. शेवटी पहिल्या बाकावरची सायदा कोंदो, दोन वेण्या, फाटलेले ओठ, जवळ आली आणि अगदी हळू म्हणाली, "सर, उठा ना. त्यांना त्रास होतोय."
उठलो. कारण माझा धडा संपला होता.
पाठ दिवसभर गार आहे. गावच गार आहे.
बायकोला, मार्लेनीला, फोन केला. उचलला नाही. बहिणीकडे असेल. गेल्या वर्षीपासून बहिणीकडे बरीच कामं असतात तिला.

२२ ऑक्टोबर
देल्मिराला एक शास्त्रीय निरीक्षण सांगितलं: ही पोरं मधल्या सुट्टीत सगळी बाहेर जात नाहीत. पाळीनं दोघं आत थांबतात. बोलतात. थांबतात. पुन्हा बोलतात. जसं कुणी मध्ये उत्तर देतंय.
देल्मिरा म्हणाली, "मला माहीत आहे सर."
म्हटलं, मग थांबवत का नाही?
म्हणाली, "एकदा थांबवलं होतं. मग मधल्या सुट्टीत मी एकटी आत बसले. पुन्हा नाही थांबवलं."
जास्त विचारलं नाही. शिक्षकांना स्वतःची उत्तरं स्वतः शोधू द्यावीत, असं माझं तत्त्व आहे.

२४ ऑक्टोबर
रिकाम्या वर्गात शिरण्याआधी दार वाजवायची सवय लागली आहे. चांगली सवय. मॅनर्स.

२८ ऑक्टोबर
दुपारी वर्गात एकटाच तक्ते लावत होतो. कुणीतरी खोकलं. कोरडा, बाईमाणसाचा खोकला, मग रुमाल तोंडाशी धरल्यासारखा दबलेला. मी वळलो नाही. वळायचं कारण नव्हतं. पत्र्याचं छप्पर उन्हानं तापून असे आवाज करतं.
फळ्यावर लिहिताना नवा खडू हातात घेतला आणि आपोआप मधून मोडला. अर्धा हातात, अर्धा खिशात. सायदा दारात उभी होती. म्हणाली, "बाई पण असंच करायच्या. अख्खा खडू चर्र करतो म्हणून."
तिला सांगितलं की मी लहानपणापासून असंच करतो. खोटं होतं, पण वर्गात शिस्त राखायला अधूनमधून लागतं.
संकल्प: उद्यापासून खोलीत एकटं बसायचं नाही. भीती हा विषयच नाही. वेळेचं नियोजन.

१ नोव्हेंबर
हेर्मिनिया बाईंनी चौथीच्या वर्गात निएवेस बाईंसाठी टेबल मांडायचं ठरवलं. मेलेल्यांच्या सणाला घरोघरी मांडतात तसंच. मी हरकत घेतली: वर्तन-सुधार योजनेत हे बसत नाही. बाई म्हणाल्या, "बसत नसेल तर उभं राहू दे, सर." आणि माझ्या हातात कांद्याच्या फुलोऱ्याची जुडी दिली. धरून उभा राहिलो. निरीक्षक म्हणून.
पावाच्या बाहुल्या, ऊस, उकडलेले बटाटे, त्यांच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप, पाण्याचा पेला. दुपारी बाराच्या ठोक्याला मेलेली माणसं येतात, आणि दुसऱ्या दिवशी बाराला जातात. सगळी शाळा गप्प. बाराला दार उघडलं. वारा होता. खिडकीतली धूळ मात्र हलली नाही.
सायदा म्हणाली, "आल्या."
कुणी दचकलं नाही. देल्मिरानं खुर्ची जरा मागे ओढली, पाहुणीला ओढतात तशी. माझ्या उगीचच डोळ्यात पाणी आलं. कांद्याची फुलं.

२ नोव्हेंबर
आज निरोप. माझा अंदाज असा होता की पोरं बाईंना निरोप देतील, मोकळी होतील, अभ्यासाला लागतील. तसं कालच ऑफिसला कळवून टाकलं होतं.
बारा वाजता हेर्मिनिया बाई टेबल उचलायला पुढे झाल्या. पोरांनी टेबलाला हात लावू दिला नाही. दंगा नाही, ओरडा नाही. नुसती टेबलाभोवती हात धरून उभी राहिली. हेर्मिनिया बाई म्हणाल्या, "बाळांनो, त्यांना जायला हवं. अडवलं तर वाट चुकतील."
सायदा म्हणाली, "बाई जाणार नाहीत. त्यांचा वर्ग संपला नाही अजून."
हेर्मिनिया बाई इतकी वर्षं शाळा चालवतायत. आज त्या टेबल तसंच सोडून मागे सरकल्या.
पेल्यातलं पाणी अर्ध्यावर आलं होतं. हवा कोरडी आहे इथे.

५ नोव्हेंबर
मी मीटिंग बोलावली. (खरं म्हणजे देल्मिरानं बोलावली, पण मी हजर होतो.) तिनं तक्ता नाही, स्टिकर नाही, सरळ जमिनीवर बसून पोरांना विचारलं, "पेपर कोरे का देता? माझ्यावर राग आहे का?"
सायदा बोलली. "तुमच्यावर नाही, बाई. पेपर लिहिला तर आम्ही पाचवीत जाणार. मग या खोलीत तिसरीची मुलं येणार. ती निएवेस बाईंना ओळखत नाहीत. ती धावत येऊन खुर्चीवर बसतील. ह्यांच्या अंगावर." मग म्हणाली, "आणि ह्यांना कळणारच नाही की आम्ही कुठे गेलो. आम्हाला नव्हतं कळलं, तसं."
देल्मिरा तोंडाला हात लावून बसली. मागच्या बाकावरचं एक पोर हुंदके देऊ लागलं आणि मग सगळाच वर्ग. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा आवाज.
कुणीतरी सूत्रं हातात घ्यायला हवी होती. मी उभा राहिलो आणि खणखणीत म्हणालो, "अरे, रडता काय! मी आहे ना इथे! कुठे जात नाही मी!"
वर्ग एकदम शांत झाला. सायदानं मला खालपासून वरपर्यंत नीट बघून घेतलं. मग मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं.
वक्तृत्व ही देणगी असते.

१८ नोव्हेंबर
लिहिलं! सगळ्यांनी लिहिलं! शेवटच्या परीक्षेत चौथीचा एकही पेपर कोरा नाही. सायदानं तर पुरवणी मागितली. देल्मिरानं गठ्ठा छातीशी धरला आणि व्हरांड्यात जाऊन उभी राहिली.
ऑफिसला सविस्तर रिपोर्ट: 'तारा-योजनेचे यश'. बदलीचा अर्ज सोबत जोडला. कोचाबांबाला एव्हाना जॅकारांडा फुलून गेला असेल. मार्लेनीला मेसेज केला की नाताळाला येतो. निळ्या खुणा आल्या. म्हणजे वाचला.

२७ नोव्हेंबर
चौथीची सगळी पोरं पाचवीत. देल्मिराचं काम पक्कं. मला मिठी मारून म्हणाली, "सर, तुम्ही होता म्हणून." मी म्हटलं, योजना चांगली होती. ती म्हणाली, "योजना नाही सर. तुम्ही." हा फरक मला नीटसा कळला नाही, पण ऐकायला गोड वाटला.
जिल्ह्याचं पत्रही आलं. शाळेच्या खास विनंतीवरून माझी नेमणूक इथेच वाढवली आहे. पुढचं पूर्ण वर्ष. चौथी दुसऱ्या खोलीत भरेल आणि ही खोली 'सल्लागार कक्ष'.
हेर्मिनिया बाईंना जाऊन भेटलो. म्हटलं, काहीतरी गैरसमज झालाय. म्हणाल्या, "गैरसमज कसला? तुम्हीच पोरांना शब्द दिलात." कोणता शब्द? बाई पेपर आवरत राहिल्या.

३ डिसेंबर
शाळेचा शेवटचा दिवस. पोरं नवे कपडे घालून आली. सायदा एकटी माझ्याकडे आली. मला वाटलं, कार्ड आणलं असेल.
म्हणाली, "सर, त्यांना सकाळी खिडकीची फट आवडत नाही, खोकला येतो. शुक्रवारी गाणं म्हणायचं, कुठलंही चालतं. आणि त्या विचारतील, मुलं कुठायत. सांगायचं, पाचवीत. पलीकडच्याच खोलीत. ओरडून नका सांगू."
मी विचारलं, हे मला का सांगतेस?
ती जरा गोंधळली. "तुम्ही म्हणालात ना, मी आहे म्हणून. आम्ही सगळ्यांनी ठरवलं मग. इतर सरांना वर्ग असतात, इतर बाईंना घरी मुलं असतात. तुम्हाला..." इथे ती थांबली. चांगल्या वळणाची पोरगी आहे. "तुम्हाला वेळ आहे."
म्हणजे पेपर लिहिले ते माझ्या शब्दामुळे. ताऱ्यांमुळे नाही.
मी म्हटलं, अगं, मी खुर्चीवर बसलो तेव्हा त्यांना त्रास झाला होता ना?
"तेव्हा तुम्ही दार न वाजवता आला होता," ती म्हणाली. "आता वाजवता."
मग ती धावत गेली. अंगणात बँड सुरू झाला होता. जुलैपासून पहिल्यांदा चौथीची पोरं ओरडत होती, ढकलाढकली करत होती. वर्तन अत्यंत वाईट. हेर्मिनिया बाई बघत हसत होत्या.

५ डिसेंबर
शाळा बंद. शिपाई चावी देऊन गेला. मार्लेनीचं उत्तर आलं: नाताळाला नको.
काही कागद राहिले होते म्हणून खोलीत गेलो. दार वाजवलं. पहिल्या बाकावर बसलो, गुडघे मावेनात. बराच वेळ बसलो. काही नाही. खोकला नाही, छपराचा आवाजसुद्धा नाही. मी कान देऊन बसलोय हे लक्षात आलं तेव्हा जरा हसू आलं आणि मग आलं नाही.
शेवटी, खोलीत कुणी नाही हे माहीत असताना, म्हणालो, "पाचवीत गेली. पलीकडच्याच खोलीत." ओरडलो नाही.
बाहेर येऊन कुलूप लावलं. उद्या एक शाल आणून ठेवतो. त्यांच्यासाठी नाही. खोली गार आहे.