मीनाची सोयरीक आणि तीस वर्षांची लढाई

परतूर

तीर्थरूप भुजंगदादा यांना धाकट्या दैवशालेचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि वहिनींचं पित्त, दोन्ही उताराला लागले असतील असं धरून चालते. आधी चांगली बातमी सांगते, म्हणजे पुढचं निवांत वाचाल: आपल्या मीनाची सोयरीक मोडली नाही. (मोडत आली होती, हे तुमच्यापर्यंत पोहोचलं नसेल तर उत्तमच.)

झालं असं. मीना सात वर्षांची असताना तापानं फणफणली, तेव्हा ह्यांनी खंडोबाला बकरं बोललं होतं, तिच्या लग्नात द्यायचं. ह्यांना जाऊन चार वर्षं झाली. नवस माझ्याकडे राहिला. मुलाकडचे महानुभाव पंथाचे, मांसमच्छीला न शिवणारी, दुसऱ्या देवाला न पुजणारी सरळ माणसं. रविवारच्या बैठकीत मी नवसाचं सांगितलं, तशी मुलाचे वडील बद्रीनाथराव कप खाली ठेवून म्हणाले, "बाई, हे बिलकुल जमणार न्हाई." आपले कडूबाकाका उसळले, "मंग आमचा देव काय घराबाहेर बसवायचा?" दोघंही चपला शोधू लागले.

वाचनालयातून आणलेलं युरोपच्या इतिहासाचं पुस्तक महिनाभर उशाशी आहे, ते कामी लावावं म्हटलं. सांगितलं, की पाचशे वर्षांपूर्वी तिकडे एकाच येशूला मानणाऱ्यांत फूट पडली. पोपला मानणारे एकीकडे, न मानणारे दुसरीकडे. राजांनी सोय बघून बाजू घेतल्या, कित्येकांनी मठांच्या जमिनीही घेतल्या. प्राग शहरात तर भर बैठकीतून राजाच्या माणसांना खिडकीबाहेर फेकलं. ती वाचली. एक बाजू म्हणाली मेरीमातेनं झेललं, दुसरी म्हणाली उकिरड्यावर पडली. (इथे बद्रीनाथरावांनी आमच्या खिडकीला गज आहेत का ते बघून घेतलं.) मग तीस वर्षं लढाई, गावंच्या गावं ओस.

त्याआधी त्यांनी एक नियम करून पाहिला होता: ज्याचं राज्य, त्याचा धर्म. हा नियम पुरला नाही, आणि काही गावांत दोघे एकाच चर्चमध्ये वेळ वाटून प्रार्थना करू लागले, हे मला पुढे सांगायचं होतं. पण बद्रीनाथरावांनी तिथेच मांडीवर थाप मारली. "बराबर! ज्याचं घर, त्याचा धर्म!" म्हणजे माझ्याच पुस्तकानं माझा घात केला.

तेवढ्यात दारातून विहीणबाई, कांताबाई, पहिल्यांदाच बोलल्या. "घर माझ्या नावावर हाये. म्हंजी राज्य माझं. पोरीनं तिचा देव खुशाल आणावा, कोनाडा रिकामाच हाये. बकरं तेवढं माझ्या दारात न्हाई. तुमच्या मालकांचा शब्द तुम्ही तुमच्याकडं फेडा."

बद्रीनाथरावांनी उरलेला चहा पिऊन टाकला. मी आत जाऊन पाणी प्याले. छातीवरचा दगड उतरला, दादा.

तुमची,
दैवशाला

ता.क. नवसाचं बकरं दोन वर्षांपासून मीच वाढवलंय. ह्यांच्या बाजेशेजारी बांधते. युरोपचं सगळं आधी त्यालाच वाचून दाखवलं. कडूबाकाकांपेक्षा शांतपणे ऐकलं. ते मला कापवणार नाही. देवाच्या नावानं जिवंत सोडता येतं म्हणतात. गुरुवारी त्याला न्यायला टेम्पो घेऊन या. तुमच्या अंकुशनगरात चाऱ्याला उसाच्या वाढ्याचा तोटा नाही.

ता.क. दुसरा. कडूबाकाकांना हे सांगू नका. त्यांना वाटतं मी नवसासाठी भांडले. बकरं सोडायला ह्यांची हरकत नाही. मी बाजेपाशी बसून विचारून घेतलंय.