खसखस आणि शाळेची पट्टी

बाबा,

धाकट्या एमेशेला घेऊन शाळेत जातेय. सोमवारपासून तुम्ही तिच्याशी बोलत नाही, म्हणून हे लिहून ठेवते.

शाळेतल्या नशेच्या तपासणीत तिच्या लघवीच्या पट्टीवर अफूची खूण उमटली, ती खरीच आहे. पण अफू आणि खसखस एकाच झाडाची, आणि त्या स्वस्त पट्टीला दोन्हींतला फरक कळत नाही. आईने ऑस्ट्रियातून, ग्राझहून ईस्टरसाठी पाठवलेली बेइग्ली, खसखशीचं सारण भरलेला तो गोड रोल, एमेशेने आदल्या दिवशी एकटीने खाल्ली. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?" तर म्हणाली, "ताई, बाबा मला हावरट म्हणाले असते."

"आणि नशेबाज म्हणाले ते चाललं?"

यावर ती हसली आणि मग रडत बसली. आई तिकडे कामाला गेल्यापासून घरात बेइग्लीचा तो वास आलाच नव्हता, म्हणाली.

शाळेतून नाव काढण्याआधी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवा, असं मी मुख्याध्यापिकांना सांगणार आहे. मुलांना तपासायचंच असेल, तर काल काय खाल्लं एवढं तरी आधी विचारावं.

तुम्हाला पटत नसेल, तर टेबलावर नवी पट्टी आणि खसखशीची बरणी ठेवली आहे. रात्री नूडल्सवर नेहमीसारखी साखर-खसखस भरपूर घालून खा आणि सकाळी स्वतःच बघा.

फ्रीजमधल्या डब्यातला बेइग्लीचा तुकडा मात्र खाऊ नका. कड दाबताना त्यावर आईच्या अंगठ्याचा ठसा उमटलाय. एमेशेने तेवढा ठेवलाय.

चेंगे