फोटोपुरतं जवळ

६ मार्च, गुरुवार

आज सकाळी अंघोळ केली, देवाचं नाव घेतलं आणि मग आरशासमोर उभा राहून हसायचा सराव केला. पन्नाशीला टेकलेल्या माणसानं! दार लावून घेतलं होतं. हिनं पाहिलं असतं तर काय म्हणाली असती? काहीच म्हणाली नसती. तेच तर आहे.

आज हिचा वाढदिवस. मागच्या वेळचा फोटो पाहून बारकी फोनवर म्हणाली होती, "बाबा, आजारी दिसताय. दात दाखवा की जरा!" बारकी म्हणजे आमची एकुलती लेक. चोवीस वर्षांची झाली तरी बारकीच. परगावी नोकरी करते. आमच्या तिघांपैकी कुणाचाही वाढदिवस असला की त्या इटालियन हॉटेलात आमच्यासाठी टेबल राखते आणि पैसेही आधीच भरून टाकते. आम्ही फक्त जायचं, जेवायचं आणि फोटो पाठवायचा.

गेलो. अंधार इतका, की मेन्यू वाचायला मोबाइलचा दिवा लावावा लागला. वाचूनही काही कळलं नाही ते वेगळंच. मागच्या खेपेला जिथे बोट ठेवलं होतं तिथेच ठेवलं. परातीएवढी बशी आणि मधोमध शेपटासारखी गुंडाळलेली शेवयांची एवढीशी कॉईल! मी मोटर वाइंडिंगवाला, दिवसभर तारच गुंडाळतो, पण इतकी नेटकी मलाही जमत नाही. गार होती मात्र. हिनं भात मागवला होता, तो कच्चा. वाढप्याला सांगितलं तर तो म्हणाला, "सर, हा असाच असतो."

मग तोच चीज किसायला आला. "पुरे झालं की सांगा, मॅडम." ही काही सांगेना. तो किसतोय, किसतोय. भात दिसेनासा झाला. शेवटी मीच म्हणालो, "अहो, पुरे!"

ही माझ्याकडे बघून म्हणाली, "माझ्या ताटातलंसुद्धा तुम्हीच सांगा." आवाज न चढवता.

नंतर फोटो. वाढप्याला सवयीचं झालंय. "सर, थोडं जवळ या. अजून थोडं." मी हात हिच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवला. खांद्याला लागू दिला नाही. फोटोत ते कळत नाही. दोघांनीही दात दाखवले.

पाठवल्या पाठवल्या बारकीचा फोन. "किती गोड दिसताय! आई, मजा आली ना?"

"खूप!" ही म्हणाली.

घरी आल्यावर हिनं ओट्याशी उभं राहून एक केळं खाल्लं, दूध प्यायली आणि बारकीच्या खोलीत जाऊन कडी लावली. ती खोली आता हिचीच.

८ मार्च, शनिवार

शेजारचा वेल्डर सकाळी दुकानात डोकावला. "काय मालक, परवा पुन्हा मोठं हॉटेल म्हणे! वहिनींना घेऊन! आमची ही नुसती मला टोमणे मारते, त्या वाइंडिंगवाल्याकडे बघा म्हणून. तुमच्यामुळे आमच्या घरात भांडणं!"

हसलो. आरशातला सराव कामी आला.

११ मार्च, मंगळवार

बारकीनं तो फोटो मोठा करून तिकडच्या आपल्या खोलीत लावलाय. उशाशी.

इथे लिहून ठेवतो. इथे तरी खरं असावं. गावच्या शाळेत गुरुजींनी रोजनिशीची सवय लावली, तेव्हा म्हणाले होते की वहीत खोटं लिहायचं तर पानं वाया घालवू नका.

दोन वर्षांपूर्वी एका रविवारी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. घड्या घालता घालताच म्हणाली, "माझं तुमच्याशी भांडण नाही. तुम्ही दारू पीत नाही, हात उगारत नाही, सगळं खरं. पण मला इथे राहायचं नाही. मी ताईकडे जाते." ताई म्हणजे हिची मोठी बहीण. एकटी असते, शिवणाचे वर्ग घेते.

मी विचारलं, "का?"

"हे बघा. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा काहीतरी विचारलंत."

मी म्हणालो, बारकीचं मार्गी लागेपर्यंत थांब. तिला काही कळू द्यायचं नाही. हिनं हातातल्या टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मग म्हणाली, "बरं."

शब्दाला जागली. दोन वर्षं माझा डबा भरते, कपडे वाळत घालते, बारकी घरी यायची असली की आपली उशी गुपचूप माझ्या खोलीत आणून ठेवते. आणि मी ते "बरं" खिशात घालून हिंडतोय. देवापुढे बसतो तेव्हा काय मागतो? बारकीचं मार्गी लागू दे, असं मागत नाही. तसं मागितलं तर ही जाईल.

२२ एप्रिल, मंगळवार

हॉस्पिटलच्या पाण्याच्या पंपाची मोटर आली. पार जळालेली. दिवसभर तांब्याची तार काढत बसलो. घरी आलो तर ही ताईशी फोनवर बोलत होती आणि हसत होती. खळखळून! पायरीवरच थांबलो. हा आवाज ओळखीचा होता, पण कधीचा ते आठवेना.

मी आत गेलो. ही फोनवर म्हणाली, "ठेवते, हे आले."

१९ जून, गुरुवार

बारकीचा वाढदिवस. ती तिकडे, आम्ही इकडे, आणि तिच्या वतीनं आम्ही जेवायला. पुन्हा तोच अंधार. भिंतीवर फ्रेममध्ये कुणाची तरी परदेशी आजी आहे, ती आमच्याकडे रोखून बघते. तिला ठाऊक असावं.

पाव मात्र बरा होता. दोघांनी पावच खाल्ला.

मध्येच बारकीचा फोन, चेहरा दिसणारा. मेणबत्तीजवळ मोबाइल टेकवून ठेवला. म्हणाली, "एक सांगायचंय. रागवायचं नाही हं." तिच्या ऑफिसात एक मुलगा आहे. वर्षभराची ओळख आहे. त्यानं लग्नाचं विचारलंय.

ही पटकन पुढे झाली. "चांगला आहे का गं?"

"चांगला आहे गं. हुशार आहे. बोलत फारसा नाही. कधी कधी वाटतं, मी भिंतीशी बोलतेय." हसली. "आधी मी नाहीच म्हणणार होते. मग तुमचा फोटो बघितला. बाबा तरी कुठे बोलतात? मी लहान असताना आई किती गप्प असायची, मला आठवतं ना! आणि आता बघा! होतं सगळं हळूहळू नीट. हो ना आई?"

हिच्या हातातला काटा बशीवर टेकला. टक्‌ असा आवाज झाला.

मी म्हणालो, "आवाज नीट येत नाहीये, बारके. घरी गेल्यावर बोलू."

आवाज अगदी नीट येत होता.

परत येताना रस्ताभर ही चार पावलं पुढे. कोपऱ्यावर थांबली.

"ऐकलंत?"

"ऐकलं."

"मग?"

मी चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो. ही पुन्हा चालायला लागली.

२० जून, शुक्रवार

सकाळी डोळे मिटून बसलो, पण नाव ओठावर येईना. बाकी सगळं येत होतं. बशी, मेणबत्ती, ती परदेशी आजी.

मी समजत होतो, आमच्या खोटेपणाचा त्रास आम्हा दोघांनाच. पोरीला त्यातून सुख मिळतंय ना, मग झालं. ती तर त्यावर आपलं घर बांधायला निघाली!

३ ऑगस्ट, रविवार

बारकीला फोन केला, सांगायचंच असं ठरवून. तिला म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं." ती म्हणाली, "सांगा ना." मी म्हणालो, "तुझ्या खोलीतला पंखा आवाज करतो म्हणाली होतीस. बेअरिंग गेलं असेल. तेल घालू नकोस, बदलून घे."

फोन ठेवला. ही दारात उभी.

"झालं सांगून?"

नाही अशी मान हलवली.

"मी सांगितलं तर ती म्हणेल, आईलाच बाबा नकोसे झाले. दोन दिवस रडेल आणि त्याला हो म्हणेल. तुम्ही सांगितलंत तर थांबून विचार तरी करेल." मग म्हणाली, "मला थांबवताना किती भराभर बोलला होतात तुम्ही!"

१४ सप्टेंबर, रविवार

नाही जमलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

बारकी येतेय. परवा, शनिवारी. रविवारी माझा वाढदिवस. ऑफिसातला तो मुलगाही रविवारी येऊन भेटेल, जेवायला आमच्याबरोबर असेल, संध्याकाळच्या शेवटच्या गाडीनं परत जाईल. चौघांचं टेबल सांगितलंय.

ही सकाळीच उशी आणून ठेवून गेली. गादीच्या अगदी कडेला.

२ नोव्हेंबर, रविवार

मुलगा वाईट नाही. हे आधी लिहितो, नाहीतर अन्याय होईल. वाकून नमस्कार केला. माझ्या वार्निशनं काळ्या झालेल्या नखांकडे बघितलं, पण तोंड वाकडं केलं नाही. शांत आहे. खुर्ची ओढून बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही.

बारकीनं मासा मागवला. वाढपी लिहून घेत होता, तेवढ्यात तो म्हणाला, "मासा नको. तिला नाही आवडणार. तिला पास्ता आणा." बारकी हसली. "बघा बाबा, माझं मलाच कळत नाही, याला सगळं कळतं!"

ही माझ्याकडे बघत होती. मी मीठदाणीकडे.

मग बारकी ऑफिसातली एक गंमत सांगायला लागली. लिफ्ट अडकली आणि साहेब गाणं म्हणायला लागले. हात वर करकरून सांगत होती, अगदी लहानपणी सांगायची तशी. तो म्हणाला, "तसं नव्हतं झालं ते." त्यात राग नव्हता. नुसती दुरुस्ती. ती "हो, तसंच काहीतरी" म्हणाली आणि गप्प झाली. गंमत अर्धीच राहिली. साहेबांचं पुढे काय झालं, कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

तिचा तो गप्प झालेला चेहरा! हनुवटी जराशी खाली, ओठ मिटलेले, डोळे बशीवर. हा चेहरा मी चोवीस-पंचवीस वर्षं समोरच्या खुर्चीत पाहिलाय. माझ्या लेकीला कुणी शिकवला?

दिवे आणखी मंद केले. चार-पाच वाढपी टाळ्या वाजवत केक घेऊन आले, त्यावर एक मेणबत्ती. आजूबाजूची अनोळखी माणसं वळून हसत होती. बारकी माझ्या कानाशी लागून म्हणाली, "बाबा, मी त्याला हो सांगितलंय. मला तुमच्यासारखं व्हायचंय. तुमच्या दोघांसारखं."

बोलायची वेळ तीच होती. तोंड उघडलं. सगळे समजले, मी फुंकर मारतोय. मग मारली.

केक फार गोड होता. फोटो काढला. "सर, थोडं जवळ या." चौघंही जवळ आलो.

३ नोव्हेंबर, सोमवार

दुकान उघडलं नाही. शटरसमोरच्या पायरीवर बसून राहिलो. वेल्डर आला, तोंडावरची काच वर करून म्हणाला, "काय झालं हो?" काही नाही म्हणालो. "काही नाहीवाला चेहरा नाही हा," म्हणाला, आणि चहा पाठवला.

आयुष्यभर मी असं धरून चाललो की गप्प बसण्यात पाप नाही. शिवी दिली नाही, फसवलं नाही, कुणाचं काही घेतलं नाही. देवापुढे ताठ बसायचो. आज वाटतं, देवापुढेसुद्धा मी फोटोच काढून घेत होतो.

मला भीती कसली आहे? बारकी रडेल याची नाही. ती रडेल, सावरेल. भीती त्या दुसऱ्या खोलीची आहे, ती रिकामी होईल याची. कडी आतून लागलेली असली तरी आत कुणीतरी आहे, एवढ्यावर मी जगतोय. आणि त्यासाठी पोरीला त्या खुर्चीत बसवतोय.

संध्याकाळी घरी आलो. मायलेकी भाजी निवडत बसल्या होत्या. बारकी लिफ्टची गंमत पुन्हा सांगत होती, आता पुरती. साहेबांना गाण्याचे शब्दच येत नव्हते, म्हणून ते नुसतं "ला ला ला" करत होते. ही पोट धरून हसत होती.

मी दारातच उभा राहिलो. या खेपेला दोघी थांबल्या नाहीत.

उद्या दुपारच्या गाडीनं बारकी परत जाणार.

४ नोव्हेंबर, मंगळवार

सांगितलं. सकाळी, स्वयंपाकघरात, चहा गाळायच्या आधी. म्हणालो, "बारके, ते सगळे फोटो खोटे आहेत. तुझी आई दोन वर्षांपूर्वीच निघाली होती. मी तुझं नाव पुढे करून तिला अडवलं. तिला मी कधी काही विचारलं नाही, म्हणून ती गप्प झाली. आपोआप काही नीट होत नाही. आमचं झालं नाही."

बारकी रडली नाही. चहाखालचा गॅस बंद करून आईकडे वळली. मग म्हणाली, "आई, तुझी बॅग कुठे आहे?"

ताईचं गाव त्याच वाटेवर. दुपारच्या गाडीत दोघींना बसवून आलो.