तळाची ओळ

डब्लिन, ओहायो
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय रुही,

आशीर्वाद. तू मराठी सावकाश वाचतेस म्हणून अक्षर मोठं आणि सुटं काढलं आहे. घाई करू नकोस. आम्ही दोघं बरे आहोत. आईचे टोमॅटो यंदाही हरणांनी खाल्ले, आणि यंदाही ती म्हणते, कुंपण पुढच्या वर्षी. मंडळाची गणपतीची स्मरणिका वेळेवर छापून दिली. बहात्तर पानं, चूक एकच, आणि तीही त्यांनी दिलेल्या यादीतली.

तुझं पाकीट जुलैत मिळालं. आत नुसती तुझ्या पुस्तिकेची कच्ची प्रत, चिठ्ठी नाही. जूनमध्ये मी फोनवर जे बोललो, त्यानंतर चिठ्ठीची वाट बघणंही चूकच. त्यावर येतोच आहे.

आधी पुस्तिका. लायब्ररीतून जर्मन शब्दकोश आणला आणि छपाईच्या दुकानात जेवणाच्या सुट्टीत रोज एक पान, अशी अठ्ठावीस पानं वाचली. फोनने फोटो काढून क्षणात इंग्रजी करता येतं, माहीत आहे. पण दुसऱ्याने वाचून दाखवलेलं मला पुरत नाही. छपाई मी कुठल्या कॉलेजात शिकलो नाही, जर्मनही तसंच.

तर मला समजलं ते असं. तिकडे जर्मनीत, तुमच्या विद्यापीठाच्या गावात टेकडीवर त्या विद्यार्थी-संघटनेचं जुनं घर आहे. रंगीत टोप्या, छातीवर पट्टा, भिंतीवर तलवारी, आणि सभासदांनी आपसात त्या तलवारींनी खेळायची द्वंद्वं. नव्याने आलेल्या मुलांना ते स्वस्तात खोली देतात. कोणाबरोबर उठायचं-बसायचं आणि कोणाबरोबर नाही, तेही त्या खोलीबरोबरच ठरतं, हे मुलांना राहायला गेल्यावर कळतं. मुलींना सभासद होता येत नाही, जर्मन वंशाचा नसेल त्यालाही नाही. आणि म्हातारे सभासद आपल्या पोरांना पुढे चांगल्या जागांवर चिकटवतात. हे सगळं तू एकही शिवी न देता लिहिलंस. त्यांचीच नियमावली, कलम आणि वर्षासकट, त्यांच्यापुढे ठेवलीस. सगळ्याच संघटना अशा नसतात, हेही पान दोनवर स्पष्ट सांगितलंस. रुही, हे काम पक्कं आहे. मी असं सहजासहजी म्हणत नाही, तुला ठाऊक आहे.

चुका दोन. पान सातवर मजकुरात टोपी लाल आहे, फोटोत हिरवी. पान एकोणीसवर कलमाचा आकडा बारा, तळटीपेत तेरा. ते लोक बोट ठेवतील ते इथेच.

गणपतीत चंद्रशेखरकाकांना पुस्तिका दाखवली. रिटायर झाल्यापासून डॉक्टरांना सगळ्यातलं सगळं कळतं. म्हणाले, "अरे सुमंत, तलवारी खेळतात तर बिघडलं काय? तुमच्या कोल्हापुरात मर्दानी खेळ असतात, तसंच ना?"

म्हटलं, "काका, आमच्याकडे वार चुकवायला शिकवतात. तिथे मान न हलवता गालावर घ्यायला शिकवतात, आणि मग तो व्रण जन्मभर मिरवायचा."

"मग टाके कोण घालतं?"

"त्यांचेच डॉक्टर."

काका म्हणाले, "बघ, म्हणजे प्रॅक्टिस बरी चालत असणार." पण पुस्तिका घरी घेऊन गेले आणि अजून परत केलेली नाही.

आता जूनचा फोन. तू सांगितलंस की तिकडच्या कायद्याने प्रत्येक पत्रकाच्या तळाशी जबाबदार माणसाचं नाव-पत्ता लागतो आणि छापणाऱ्याचाही. आपल्याकडे मुद्रक, प्रकाशक असतं तेच. बाकीची मुलं म्हणत होती, खोटं नाव टाकू, सर्रास टाकतात. तुला स्वतःचं टाकायचं होतं. मी म्हणालो, "टाक खोटं. नाहीतर ती ओळच काढ."

"कुठली ओळ, बाबा?"

तुला माहीत होतं कुठली. "सगळ्यात खालची," मी म्हणालो.

मग तू म्हणालीस, "बाबा, यू टॉट मी टू रीड दॅट लाइन फर्स्ट." आणि फोन ठेवलास.

खरं आहे. तू सात वर्षांची असताना दुकानात स्टुलावर बसवून शिकवलं होतं: कागद हातात आला की आधी तळ बघायचा, त्यामागे कोण उभं आहे ते. मला ते कुठून आलं, हे मात्र कधी सांगितलं नाही. कोल्हापूरच्या छापखान्याच्या शंभर गोष्टी सांगितल्या, ही सोडून.

मी एकवीस वर्षांचा होतो, तिथे शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. कृष्णा नावाचा एक विद्यार्थी पत्रक घेऊन आला. त्यांच्या वसतिगृहात मुलांची ताटं जातीप्रमाणे वेगळी ठेवत, त्याबद्दल. म्हणाला, "खाली छापखान्याचं नाव राहू द्या, म्हणजे कोणी खोटं म्हणणार नाही." मालक गावाला गेले होते. मी पत्रक छापलं आणि ती ओळ गाळली. भीतीने. मला कोणी सांगितलं नव्हतं.

प्राचार्यांनी तो कागद भर सभेत वर धरला. म्हणाले, "ज्याला बाप नाही, त्याला उत्तर काय द्यायचं?" कृष्णा उठून उभा राहिला आणि म्हणाला, मी लिहिलंय. छापलं कुठे, हे मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. त्याला वसतिगृहातून काढलं. ताटं तशीच राहिली. मी तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे यंत्राच्या रुळावरची शाई पुसत होतो.

तुझ्या भल्यासाठी म्हणून जूनमध्ये जे बोललो, ती तीच भीती होती. मी चुकलो.

तिथल्या छापखान्याने त्या संघटनेच्या वकिलाच्या एका पत्रावर माघार घेतली, हे मला आईकडून कळलं. ऑक्टोबरात नवी मुलं येतील, टेकडीवरचं घर खोल्या दाखवायला उघडेल, आणि तुमच्याकडे एक प्रत नसेल. म्हणून तुझ्या मित्राकडून, देवांगकडून फाइल मागवली. त्याच्यावर रागावू नकोस, मी त्याला सोडलंच नाही. दोन्ही चुका त्याला विचारून दुरुस्त केल्या. काल हजार प्रती छापल्या, मधोमध पिना मारल्या, एकेक प्रत चाळून बघितली. उद्या सकाळी खोकं निघेल. तुला नको असेल तर उघडू नकोस, मी समजेन.

एकच गोष्ट न विचारता केली. शेवटच्या पानावर तुझी ओळ होती तशी आहे, तुझ्या खऱ्या नावाची. त्याखाली कायद्याने लागते ती दुसरी ओळ मी भरली. टाइप तुझ्याच मापाचा आहे, मोठा नाही.

तुझ्या नावाखाली,

मुद्रक: सुमंत दत्तात्रय हुपरीकर
डब्लिन, ओहायो