आज कुणाला ऐकायला आलात?

ओसाका, १२ सप्टेंबर

चि. गेन्झोस तोकुजीचे अनेक आशीर्वाद.

न्हावीकाम थांबवून फिरतीवर निघालो तेव्हा तू म्हणालास की म्हाताऱ्याला झटका आलाय. आलाय खरा! सेंदाई, नागोया करत इथवर पोचलो, आणि गावोगावी तळघरातल्या गाण्याच्या अड्ड्यांत उभा राहिलो. काय वाजवतात रे पोरं! एका संध्याकाळी चार-पाच बँड. ज्यांचं वाजवून झालं ते घाम पुसत आपल्याच शेजारी उभे राहतात आणि पुढच्यांना मनापासून टाळ्या देतात. हळुवार गाणं असलं की ग्लासातला बर्फसुद्धा कुणी वाजू देत नाही. मी तर प्रेमातच पडलोय.

काल आपल्या चिनामीला ऐकलं. तुझी लेक म्हणून सांगत नाही, पण ड्रमवर तिचा हात पडला आणि अंगावर काटा आला. माझ्याकडून मात्र घोळ झाला. दारातच विचारतात, आज कुणाला ऐकायला आलात? इतरांना वाईट वाटायला नको म्हणून मी अदबीने म्हणालो, सगळ्यांनाच. मागाहून कळलं की दारात ज्यांचं नाव घेतलं जातं त्यांनाच पुन्हा बोलावतात. हिच्या बँडचं नाव घेणारे फार थोडे निघाले. पुढच्या महिन्यात सतरा तारखेला तिथेच त्यांना शेवटची संधी आहे, पत्ता मागे लिहिलाय. त्याच संध्याकाळी फुकुओकात माझा जुना मित्र वाजवणार आहे आणि मी शब्द देऊन बसलोय. म्हणून तू जा. दुकान सोडून गेली म्हणून धरलेला अबोला आता पुरे.

तुझा दादा

हाकोदाते, २० सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. दुकानात नवा कोम्बू आलाय. समुद्रातलं हे शेवाळ निवडून, बांधून पाठवायचं म्हणजे श्वास घ्यायला फुरसत नाही. असल्या धांगडधिंग्यासाठी ओसाकापर्यंत कोण जातंय?

बारीक झालीय का ती? नीट जेवते ना? आणि तिथे माणसाला टेकायला खुर्ची असते का, तेही कळव. सहज विचारतोय.

तब्येतीला जप.

तुझा गेन्झो

ओसाका, १८ ऑक्टोबर

ती. मोठ्या काकांस चिनामीचा शि. सा. न.

काका, बाबा आले होते! तिसऱ्या गाण्यात मान वर केली तर मागच्या भिंतीशी दुकानाचा निळा अंगरखा. पायांशी कोम्बूचा खोका, चेहरा मालात खोट शोधत असल्यासारखा. माझा ठेका चुकता चुकता राहिला. वाजवून खाली धावले तर निघूनही गेले होते. खोका दारावरच्या इसाओकडे ठेवून गेले, सगळ्यांनी वाटून खा म्हणून. मी तिथेच बसून रडले.

डिसेंबरचं बोलावणं आलंय, या वेळी दारात आमचं नाव घेणारे पुष्कळ निघाले. इसाओ म्हणाला, बाबांनी दारात रांग अडवून धरली होती. कुणाला ऐकायला आलात विचारलं तर म्हणाले, चिनामीला. या नावाचा बँड नाही म्हटल्यावर लालबुंद झाले. तुम्ही पत्रात बँडचं नाव लिहिलंच नव्हतंत ना! मग सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाले की बँडचं नाव आपल्याला ठाऊक नाही, ड्रम वाजवते ती आपली मुलगी आहे, आणि आपण फक्त तिलाच ऐकायला आलोय, दुसऱ्या कुणालाही नाही.

माया आहेच, ती अशीच राहू द्या. आणि डिसेंबरात दारात अदब दाखवू नका.

तुमची चिनामी