पायरी चढू नकोस

१४ मार्च २००३, ईडन प्रेरी
भाचा ओम आला, तोही सुहास ऑफिसात असताना. बापलेकांचं बोलणं बंद. मला गाडीत बसवून आपलं नवं गाणं लावलं. जमैकाचा तो डान्सहॉल प्रकार, छातीतच धडधडतं. आणि सुरुवातीलाच माझ्या धाकट्या भावाचा, सुहासचा आवाज! चिडून ओमच्या आन्सरिंग मशीनवर ठेवलेला निरोप : ‘नोकरी सोडलीस? मग या घराची पायरी चढू नकोस!’ त्यावर ओम इंग्लिशमधून ठणकावतो, नाही चढत, जा.
म्हटलं, ‘मेल्या, बापाला विचारलंस?’
‘आत्या, त्यांनी मला कधी काही विचारलं?’
पाय मात्र माझेही हलले. देवा, क्षमा कर.

२० सप्टें. २००४
गाणं तुफान चाललंय. क्लबातली पोरं सुहासचं वाक्य तालावर ओरडतात म्हणे, अर्थ न कळता. भिंती बडवतात, की डीजे गाणं थांबवून पुन्हा पहिल्यापासून लावतो. आपला वन्स मोअरच.
काल मंडळाच्या गणपतीत कुणीसं म्हणालं, ‘काका, तुम्ही तर हिट!’ सगळे हसले. प्रसाद न घेताच सुहास घरी. जेवलाही नाही.

११ जाने. २००६
ओमची नवी गाणी हळुवार आहेत. एक गेलेल्या आईवर. कुणी विचारत नाही, जाईल तिथे तेच एक मागतात.
‘स्टक झालोय यार आत्या. बाबांवर किती वर्षं ओरडू?’
‘मग येऊन बोल की त्याच्याशी.’
‘येतो. समरमध्ये.’

३ मे २००६
सुहासला स्ट्रोक. वाचा गेली. ओम धावत आला, पायाशी बसून राहिला. सु.ने तोंड उघडलं, नुसता घरघराट. समरला महिनाच होता हो...

२१ फेब्रु. २००८
शनिवारी मिनिॲपोलिसला ओमचा मोठा कार्यक्रम. आयोजक म्हणतात ते गाणं हवंच, नाहीतर दुसरा गायक बघतो.
ओमचा फोन : ‘बाबा हो म्हणाले तरच गाईन. नाहीतर कॅन्सल.’
‘तूच विचार ना, बाळा.’
‘नाही होणार माझ्याच्याने.’
दुपारी सूप भरवताना विचारलं. ‘सुहास, म्हणू दे का रे त्याला ते?’
हात थांबवलान माझा. मग डोळे मिटले. मान हलली. वाटतं, खाली-वर हलली. की मलाच तसं दिसायला हवं होतं?
ओम उद्या सकाळी विचारेल.