गेरूच्या लेपाखाली

अहो,

तुम्ही गेल्यापासून ही गोष्ट मी मनातही तुमच्याशी बोलले नाही. आज लिहायला बसले, कारण मंगळवारी आपल्या सुहासचा पाय अगदी तुमच्यासारखा लाल झाला.

तुमच्या पोटरीवर लाली आली तेव्हा मी काय म्हणाले, आठवतं? धावरे आहे, गेरू लावला की बसेल. तुमच्या आईंनी तेच केलं असतं, माझ्याही आईने. तीन दिवस सहाणेवर गेरू उगाळून लेप देत राहिले. लालीवर लालच लेप! खालून आजार गुडघ्याकडे सरकतोय, हे दिसणार कसं?

आणि तुम्ही? भर मे महिन्यात पंखा बंद कर म्हणालात. मी त्यावरून भांडले. थंडी वाजतेय एवढं तरी बोलायचंत ना! शुगर असलेल्या माणसाने इतकं सोसू नये हो.

हॉस्पिटलात डॉक्टरबाईंनी विचारलं, "काल लाली कुठपर्यंत होती?" मला सांगताच आलं नाही. तोवर आजार रक्तात उतरला होता.

नंतर मी सातवी शिकलेली बाई शिकायला बसले. डॉक्टरबाईंना विचारून, मोबाइलवर वाचून वहीत उतरवलं. केसाच्या मुळाशी पुटकुळी येऊन ठणकते तो केसतोड. खोलवर पू धरतो ते गळू, ते पिळायचं नाही. पोरांच्या नाकातोंडाशी मधासारखी पिवळी खपली धरते, ती एकाच्या टॉवेलाने दुसऱ्याला लागते. आणि कातडी लाल, गरम, सुजलेली, लाली पसरतेय, वर थंडीताप, तर घरी बसायचंच नाही. आपण मात्र फोड आणि धावरे, या दोन नावांत सगळं उरकत होतो.

तर सुहास दुपारी घोडबंदरहून डोंबिवलीला आला तो लंगडतच. डास चावला म्हणे. पायाच्या बोटांच्या बेचक्यात भेग होती, ती मी शोधली; आजार अशा भेगेतूनच आत शिरतो. पाय चांगलाच तापला होता. मी बॉलपेन घेऊन लालीच्या कडेने रेघ ओढली.

"आई, नकाशा काढतेस काय?"

डॉक्टरकडे चल म्हटलं, तर उद्या बघू म्हणाला. तुमचाच मुलगा! संध्याकाळच्या चहापर्यंत लाली रेघेबाहेर बोटभर गेली. मी नुसतं बोट ठेवून दाखवलं. चहा तसाच टाकून उठला.

त्याच डॉक्टरबाई होत्या. त्यांनी रेघ पाहिली, मग माझ्याकडे. माझ्या खांद्यावर हात ठेवला. औषध लगेच सुरू झालं. आज लाली रेघेच्या आत आलीय. तो आंघोळीत रेघ घासायला निघाला होता, मी पुसू दिली नाही.

मला माफ केलंत का, हे विचारत नाही. तुला तरी काय माहीत होतं, असंच म्हणाल.

गेरूची पुडी टाकलेली नाही. तुळशीच्या कुंडीला लावीन, दिवाळीत उंबऱ्यापाशी सारवीन. कुणाच्या अंगाला मात्र लावणार नाही. आणि यापुढे घरात कुणी पंखा बंद कर म्हणालं, तर आधी त्याच्या कपाळाला हात लावून बघेन.

तुमची,
सुमन